खिडकीपलीकडच्या बाई

फिलाडेल्फिया,
१५ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्र

तीर्थरूप आई-बाबांना आणि आजीला साष्टांग नमस्कार. छोटूला पुष्कळ आशीर्वाद.

रोज व्हिडिओवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण काही गोष्टी अशा आहेत की सांगायला लागले की समोर आईचा चेहरा दिसतो आणि मी विषय बदलते. गेल्या वर्षात असं दोन-तीनदा झालं. आज उपास आहे, रविवार आहे, बाहेर बर्फ साचलाय. रताळी उकडून घेतली (कवठ इथे कुठे मिळणार, आजीच्या हातच्या चटणीची आठवण काढून घेतली) आणि लिहायला बसले.

निमित्त असं झालं. आमच्या युनिव्हर्सिटीत दर वर्षी एका कर्मचाऱ्याला चांगल्या कामाचा पुरस्कार देतात. प्राध्यापकांना नव्हे, ऑफिसात, लायब्ररीत, देखभालीच्या कामात असणाऱ्यांना. शिफारस विद्यार्थीही करू शकतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंसाठी आम्ही सात जणांनी मिळून शिफारस करायची ठरवली आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. पाचशे शब्दांची मर्यादा. लिहून झाल्यावर वाचलं तर 'तत्पर', 'सहृदय', 'नेहमी मदतीला हजर' असले शब्द त्यात होते, आणि बाई त्यात कुठेच नव्हत्या. म्हटलं, आधी घरी लिहून बघावं. शिवाय यातलं निम्मं तुम्हाला कधी ना कधी सांगायचंच होतं.

त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारते. पण तुमच्याशी बोलताना शाळेतल्यासारखं 'बाई' हेच तोंडात येतं. वय आईएवढं असेल. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, समोर काचेची खिडकी, खिडकीपाशी दोन खुर्च्या.

त्यांचं काम काय ते बाबांना लगेच कळेल. व्हिसासाठी बीकेसीतल्या वकिलातीत गेले होते तेव्हा फाइलमध्ये सगळ्यांत वर जो कागद ठेवला होता ना, ती आय-ट्वेंटी, म्हणजे मी इथली विद्यार्थिनी आहे याचा दाखला, ती या ऑफिसातून निघते. इथल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीत अशी काही माणसं सरकारने मान्य केलेली असतात. त्यांना डीएसओ म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सेविस नावाची एक यंत्रणा २००३ पासून चालू आहे. मी किती विषय घेतले, कुठे राहते, कुठे काम करते, सगळं त्यात चढतं. घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, आणि तेही कॅम्पसवर. ठरलेल्या क्रेडिटांच्या खाली जायचं असेल तर आधी यांची परवानगी, नंतर विषय सोडायचा. उलटं केलं तर आपण इथे राहण्याचा हक्कच गमावतो.

म्हणजे बघा, याच बाई आम्हाला सांभाळतात आणि आम्ही चुकलो तर सरकारला कळवण्याची जबाबदारीही याच बाईंची. पहिल्या सत्रात मला हे फार विचित्र वाटायचं. आमच्यातल्या एका मुलाने कॅम्पसबाहेर रोखीवर काम केलं, ते उघडकीला आलं, आणि बाईंनी नोंद केली. कायद्याने करावीच लागते. त्याला परत जावं लागलं. काही मुलं अजून त्यावरून बाईंना नावं ठेवतात. मीही ठेवली होती. नंतर त्या मुलाशीच बोलले तेव्हा कळलं, नोंद करण्यापूर्वी बाईंनी त्याला बोलावून सगळं समोर बसून सांगितलं होतं, काय होणार, कधी होणार, पुढे पुन्हा अर्ज करता येईल का, आणि तो विमानात बसेपर्यंत रोज एक फोन केला होता. माझ्या मते खोटा दिलासा देण्यापेक्षा हे फार अवघड आहे.

आता नावाची गोष्ट. आपल्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव त्याच रकान्यात आहे. आपल्याकडे सगळ्यांचं तसंच असतं. इथल्या संगणकाला मात्र ती दोन्ही मिळून माझं पहिलं नाव वाटतं. पहिल्या आठवड्यात हजेरीत, ओळखपत्रावर, ईमेलवर, सगळीकडे माझं आणि बाबांचं नाव एकत्र चिकटलेलं. एका वर्गात तर दोन आठवडे मला बाबांच्याच नावाने हाक मारत होते आणि मी ओ देत होते, कारण दुरुस्त करायचा धीर नव्हता. बाईंकडे गेले ते दुसऱ्याच कामासाठी. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "यातलं तुझं नाव कोणतं आणि वडिलांचं कोणतं?" इथे आल्यापासून हे विचारणारं पहिलं माणूस. मग म्हणाल्या, आय-ट्वेंटीवर पासपोर्टसारखंच राहू दे, तिथे एक अक्षरही बदलायचं नाही, पण वर्गाच्या यादीत आणि ओळखपत्रावर तुझं एकटीचं नाव आणता येतं. तिथल्या तिथे अर्ज भरून दिला. आणि एक वही काढली. त्यात त्या प्रत्येकाचं नाव कसं उच्चारायचं ते स्वतःला समजेल अशा पद्धतीने लिहून ठेवतात. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आपल्या नावातला 'ण' त्यांना जमत नाही, पण 'न'ही म्हणत नाहीत, मध्येच कुठेतरी थांबतात.

त्याच दिवशी त्यांच्या टेबलामागे तो फोटो पाहिला. आपल्या पाठ्यपुस्तकात होता तो नव्हे. या फोटोत तीन बायका शेजारीशेजारी आहेत : लुगड्यातल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. १० ऑक्टोबर १८८५. तिघीही इथल्याच, फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्या कॉलेजचा जुना दस्तऐवज आता याच शहरात ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीकडे आहे. मी म्हटलं, या मूळच्या आमच्या कल्याणच्या. बाईंना ते माहीत नव्हतं. आनंदीबाई जन्मल्या ते गाव कसं आहे, असं त्यांनी विचारलं आणि मी काय सांगितलं असेल? पारनाका, खाडी, दुर्गाडी, आणि गाडीची गर्दी. आनंदीबाईंचा जन्म कल्याणचा हे शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या खुर्चीत बसेपर्यंत मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

मला नवीन कळलं ते फोटोबद्दल. तो डीनने दिलेल्या स्वागतसमारंभाच्या दिवशीचा आहे. रेचेल बॉडली त्यांचं नाव. रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, आणि १८७४ पासून १८८८ साली वारल्या तोपर्यंत कॉलेजच्या डीन. आपण गोपाळराव, आनंदीबाई, फार तर त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या न्यूजर्सीच्या कार्पेंटरबाई इतकं ऐकलेलं असतं. पण अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याला मागे ठेवून समुद्र ओलांडून आली तेव्हा तिला दाखल करून घेणारी, तिच्या शिष्यवृत्तीचं बघणारी, तिच्या तब्येतीची काळजी करणारी एक बाई कॉलेजच्या ऑफिसात होती, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आमच्या बाईंनी सांगितलं. फार कौतुकाने नव्हे. "हे काम या शहरात जुनं आहे," एवढंच म्हणाल्या.

तर त्या फोटोमुळे मागच्या मार्चच्या सुट्टीत आम्ही चौघी गाडी भाड्याने घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावाला गेलो. आनंदीबाईंच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. दगडावर नावापुढे एम. डी. कोरलंय. आजी, तुझ्यासाठी तिथून एक पान वहीत घालून आणलंय, पुढच्या वेळी येताना देईन. हे सगळं तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं ते पुढचं. परत येताना गाडी मी चालवत होते आणि वेगाची मर्यादा ओलांडली म्हणून पोलिसांनी थांबवलं. चलन झालं. दंड भरला. चूक माझीच होती. बाबा, रागवा, पण आधी पुढचं वाचा.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. मार्चअखेरीपासून देशभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविसमधल्या नोंदी बंद व्हायला लागल्या. बहुतेकांना पत्र नाही, त्यांच्या युनिव्हर्सिट्यांना निरोप नाही. कळायचा मार्ग एकच, डीएसओने संगणक उघडून त्या नावापुढे आज काय लिहिलंय ते बघायचं. पुढे कोर्टात उघड झालं की लाखो विद्यार्थ्यांची नावं गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली होती, आणि जुनी, निकाली निघालेली, किरकोळ वाहतुकीची प्रकरणंही त्यात निघाली होती. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते इतकंच, की अमक्या युनिव्हर्सिटीतल्या अमक्याची नोंद गेली आणि त्याचं एक चलन होतं.

मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी बाईंकडे गेले. खिडकीबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मी चलनाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि रडायलाच लागले. त्यांनी दार लावलं. कागद दोन्ही बाजूंनी वाचला. म्हणाल्या, "दंड भरलेलं चलन आणि बोटांचे ठसे घेऊन केलेली अटक यांत फरक आहे. पण सध्या जे चाललंय त्यात या फरकाचा उपयोग होईल की नाही हे मला माहीत नाही, आणि मी वकील नाही." मग एका वकिलाची वेळ घेऊन दिली, फुकट. आणि म्हणाल्या, "मी रोज सकाळी सातच्या आधी यादी उघडते. एकेक नाव बघते. तुझ्या नावात काही बदललं तर मी ईमेल करणार नाही, फोन करीन. सातपर्यंत फोन आला नाही तर समज, नाव जागेवर आहे."

यादीत शेकडो नावं होती. सगळी हाताने बघायची. हे त्यांना कुणी सांगितलेलं काम नव्हतं. ऑफिस उघडतं नऊला.

मग तीन आठवडे मी रोज सहाला उठून फोन समोर ठेवून बसायचे. सात वाजले, फोन वाजला नाही, की उठून चहा ठेवायचे. आई, आता ऐक. त्यातल्याच एका सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. तू होतीस. तुझ्याकडे दुपारची साडेचार, चहा झालेला, तुला विचारायचं होतं पापडाचं पार्सल पोचलं का. आणि मी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, वेळ बघून फोन करत जा, इथे कामं असतात. तू "बरं बरं" म्हणून ठेवलास आणि त्यानंतर आठवडाभर तू स्वतःहून फोन केला नाहीस, मीच करायचे. तुला वाटलं असेल मुलगी तिकडे जाऊन बदलली. आई, तो फोन वाजल्यावर स्क्रीनवर तुझं नाव दिसेपर्यंतच्या दोन क्षणांत मी कल्याणला परत आले होते, कर्जाच्या हप्त्यासकट. खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तिकडे तुम्ही चौघं रोज दुपारी साडेचारला घड्याळाकडे बघत बसला असता.

२५ एप्रिलला, शुक्रवारी, सरकारने कोर्टात सांगितलं की बंद केलेल्या नोंदी पुन्हा सुरू करत आहोत. देशभर खटले चालू होते, त्यामुळे ते झालं. बाई खिडकीतून बाहेर येऊन रांगेतल्या मुलांना ते वाचून दाखवत होत्या, पण हसत नव्हत्या. सोमवारी विचारलं, आता सकाळची यादी बंद? म्हणाल्या, "अजून नाही." पुढे मे संपेपर्यंत त्या बघत होत्या असं त्यांच्या सहकारी मुलीने सांगितलं.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. बाबा, तुमची अँजिओप्लास्टी. छोटूचा फोन आला तेव्हा इथे शनिवारची रात्र, साडेदहा. माझी खोलीतली मैत्रीण गावाला गेलेली. मी तिकीट शोधायला बसले आणि लक्षात आलं, आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही नाही. ती सही नसेल तर देशाबाहेर जाता येतं, पण परत येताना विमानतळावर अडकायची भीती असते. ऑफिस थेट सोमवारी. ऑफिसच्या तातडीच्या नंबरवर फोन केला आणि बाईंनीच उचलला.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कागदाचा नव्हता. "तू आत्ता एकटी आहेस का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी मला शेजारच्या कुणाला तरी खोलीत बोलवायला लावलं, ती येईपर्यंत फोन ठेवला नाही. मग पासपोर्टची मुदत, व्हिसाची मुदत, एकेक विचारलं. म्हणाल्या, तिकीट काढ. विषय सोडायच्या अर्जाला हात लावू नकोस, प्राध्यापकांना सोमवारी कळवण्याचं मी बघते. पाऊण तासात सही केलेली नवी आय-ट्वेंटी ईमेलवर आली. आता संगणकावरची सही चालते, फक्त छापून जवळ ठेवायची. शनिवारी रात्री सव्वाअकरा वाजता.

तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, आमच्या मुलीला युनिव्हर्सिटीने दिवाळीची सुट्टी दिली, बापाजवळ बसायला? बाबा, सुट्टी नव्हती. लक्ष्मीपूजनाला मी आजीशेजारी बसले होते ते त्या एका सहीवर. परत आले तेव्हा अधिकाऱ्याने दुसरं पान उलटलं, सही पाहिली आणि शिक्का मारला, दहा सेकंदांचं काम.

बाबा, यातलं बरंच मला तुमच्यामुळे कळतं. लहानपणी शाळा सुटल्यावर मी तुमच्या पोस्टात येऊन बसायचे ते आठवतं? काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टुलावर, गोंदाच्या डब्याशेजारी. निराधार योजनेचे पैसे घ्यायला म्हाताऱ्या बायका यायच्या, अंगठा लावायच्या, आणि त्यांचं पासबुक तुम्ही त्यांना वाचून दाखवायचात, आकडा दोनदा. मनिऑर्डरचा फॉर्म चुकला तर परत पाठवायच्या ऐवजी स्वतः दुसरा भरून द्यायचात. आई म्हणायची, याच्यामुळे तुम्हाला रोज एक गाडी उशीर होतो. तुमच्या निरोपसमारंभात साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, भाषण केलं, त्यात या कशाचाच उल्लेख नव्हता. पण संध्याकाळी जिना चढून त्या लंगडणाऱ्या आजी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि तुम्ही आत जाऊन तोंड धुऊन आलात. आम्हाला कळलं होतं, बाबा.

बाईंच्या ऑफिसातही भाषणात येण्यासारखं काही घडत नाही. कुणाची सही, कुणाची मुदत, कुणाचा पत्ता. परवा माझ्या ओपीटीच्या अर्जाची शिफारस त्यांनी केली. मे महिन्यात शिक्षण संपलं की एक वर्ष इथे काम करता येतं, आणि माझा विषय अभियांत्रिकीचा म्हणून पुढे आणखी चोवीस महिने मागता येतात. अर्ज शिक्षण संपायच्या नव्वद दिवस आधीपासून करता येतो, आणि बाईंनी मला नव्वदाव्या दिवशी सकाळी बोलावलं होतं. माझ्या आधी तारीख त्यांनी मोजली होती. नोकरीचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, त्याबद्दल फोनवर बोलू.

तर बाबा, तुमच्याकडे एक मागणं आहे. शिफारशीला दोन पत्रं जोडता येतात. एक आमच्या विभागप्रमुखांचं झालंय. दुसरं तुम्ही लिहावं असं मला वाटतं. मोठं नको. चार ओळी. तुम्ही पोस्टात अडतीस वर्षं खिडकीच्या आत बसलात आणि ऑक्टोबरात तुमच्या मुलीला कुणामुळे घरी येता आलं, एवढंच. इंग्रजीत लिहू नका. मराठीत, तुमच्या त्या रजिस्टरातल्या अक्षरात, शाईच्या पेनाने. भाषांतर मी करून खाली जोडीन. मुदत २७ तारखेची आहे, तेव्हा येत्या शुक्रवारपर्यंत कागदाचा फोटो छोटूला पाठवायला सांगा.

आई, तू सकाळी सातला फोन केलास तरी चालेल. खरंच कर.

बाईंचं नाव मराठीत कसं लिहायचं ते मी तुम्हाला फोनवर सांगते, बाबा. तीनदा म्हणून दाखवते, तुम्ही वहीत उतरवून घ्या.

तुमची,
मनू